डावा पंख खाली: आमच्या सेस्ना १५० च्या नोंदी

विमान १९६७ चं सेस्ना १५०, म्हणजे दोन आसनांचं छोटं विमान, दोघांच्या भागीदारीत. मी मूळचा सांगलीचा, भागीदार नागपूरचा, आणि विमान ओहायोतल्या एका छोट्या धावपट्टीवर भाड्याच्या हँगरमध्ये. तक्रारी दोन होत्या. जमिनीवर उभं असताना डावा पंख झुकलेला दिसतो, आणि हवेत हात सोडले की विमान डावीकडे कलतं. दोन्हींचं मूळ एकच, असं आम्ही धरून चाललो आणि त्यातच निम्मा वेळ घालवला. कुणी हेच काम काढणार असेल तर आमच्या चुका तरी टाळा.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

टेप घेऊन दोन्ही पंखांच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजली. डावं टोक साडेचार इंच खाली. भागीदार समोर उभा राहून म्हणाला, "मी दोन वर्षं सांगून राहिलो ना तुला, वाकडं आहे म्हणून." तो सांगत होता हे खरं.

लगेच पुढचं काढलं. पंखाच्या मागच्या स्पारला (पंखाच्या आतल्या लांब तुळईला) जिथे बोल्ट आहे तिथे विकेंद्री बुश असतात, म्हणजे भोक मध्यावर नसलेल्या गोल चकत्या. ते फिरवले की मागचा स्पार किंचित वरखाली होतो, पंखाचा कोन बदलतो आणि जड वाटणारा पंख हलका करता येतो. आमच्या डोक्यात तेच बसलं होतं. पाना हातात घेतलाही होता. नशिबाने मेकॅनिक त्या दिवशी नव्हते आणि त्यांच्या सहीशिवाय तिथे हात लावायची परवानगी नाही. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेच्या) पार्ट ४३ या नियमाप्रमाणे मालक-वैमानिकाला टायर बदलता येतो, पंखाचा कोन नाही. हा नियम नसता तर आम्ही चांगला पंख बिघडवून ठेवला असता.

१३ ऑक्टोबर

रात्री झोपताना आठवलं की हँगरची जमीन पाणी वाहून जावं म्हणून उताराची केलेली असते. माझे वडील बांधकामावर होते. कुठलीही भिंत मोजण्याआधी ते पायाची पातळी घ्यायचे, आणि मी त्यांचा मुलगा असून थेट टेप लावला.

आज विमान ढकलून पूर्ण उलट दिशेला तोंड करून उभं केलं, चाकं शक्य तितकी त्याच जागांवर. आता डावं टोक दोनच इंच खाली. म्हणजे सरासरी सव्वातीन इंच विमानाचे आणि सव्वा इंच जमिनीचा. नऊ डॉलरची पारदर्शक नळी आणून तिच्यात रंगीत पाणी भरून पडताळलं, गवंडी धरतात तसंच. दोन्ही टोकांना नळी धरायला माणसं दोन लागतात आणि नळीत एकही बुडबुडा चालत नाही. पहिल्यांदा बुडबुडा राहिला होता, त्यात अर्धा तास गेला.

मग इंधन. टाकीत काडी बुडवून मोजलं: डावीकडे ९ गॅलन, उजवीकडे ५. काट्यांवर दोन्ही सारखेच दाखवत होते, त्या काट्यांवर विश्वास ठेवू नका. १५० ला डावी-उजवी टाकी निवडायची सोय नाही, झडप एकच, आणि दोन्ही टाक्यांच्या नळ्या त्या झडपेच्या आधीच एकत्र येतात. त्यामुळे झडप बंद केली तरी उभ्या विमानात उंच टाकीतलं पेट्रोल खालच्या टाकीत जात राहतं. पंख जरा खाली असेल तर तिकडे पेट्रोल जातं, त्या वजनाने तो अजून खाली जातो, मग अजून पेट्रोल. टाक्या भरून ठेवल्या की जास्तीचं पेट्रोल डाव्या पंखाखालच्या हवेच्या नळीतून टपकतं. तो डाग आम्ही वर्षभर पुसत होतो आणि गळती शोधत होतो.

दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. १२ गॅलन, ७४ डॉलर. फरक सव्वातीनवरून सव्वादोन इंचावर. चार गॅलन म्हणजे २४ पौंड, तेवढ्याने टोकाला इंचभर फरक पडतो.

१९ ऑक्टोबर

टायरची हवा. आमच्या जुन्या गेजवर दोन्हीकडे २१ पौंड, पुस्तकात आहे तेवढंच. शेजारच्या हँगरमधल्या गृहस्थांचं गेज लावलं तर उजवीकडे २१ आणि डावीकडे १६. आमचं गेज २१ च्या आसपास अडकायचं. नवं गेज ३८ डॉलर.

इथे एक हिशोब सांगतो, तो पुढे सारखा लागेल. आमच्या विमानाच्या दोन मुख्य चाकांमधलं अंतर साधारण साडेसहा फूट आणि पंखांचा पसारा साधारण ३३ फूट. म्हणजे चाकापाशी एका बाजूची उंची जेवढी बदलेल त्याच्या पाचपट फरक टोकांच्या उंचीत दिसतो. टायर पाव इंच बसला की टोकाला सव्वा इंच. त्यामुळे टोकाला दोन-तीन इंच दिसले म्हणून चाकाचा पाय वाकलाय असं समजून घाबरू नका.

डावीकडे हवा भरली. फरक पावणेदोन इंच.

डावा टायर बाहेरच्या कडेने गुळगुळीत झालेला. टायर बदलायचं ठरवलं आणि ऑर्डर दिली.

२६ ऑक्टोबर

आजची नोंद लाजिरवाणी आहे, पण लिहितो.

आठवड्यात डाव्या टायरची हवा पुन्हा १६ वर. ट्यूब गळत होती. नवा टायर २१५ डॉलर, ट्यूब ९५. जॅकवर घेऊन चाक काढलं. चाकाचे दोन अर्धे तीन लांब बोल्टनी जोडलेले असतात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय, व्हॉल्व्हची पिन काढल्याशिवाय ते बोल्ट सैल करायचे नाहीत, नाहीतर चाक हातात फुटतं. हे आम्ही व्यवस्थित केलं. ट्यूबला पावडर लावली, बसवली, बोल्ट आवळले, हवा भरली, जॅक काढला आणि लगेच नळी धरली. उजवं टोक पाऊण इंच खाली! म्हणजे वाकडेपणा गेलाच, वर उलटा झाला. भागीदाराने गाडीतून पेढे काढले (त्याच्या मुलीच्या निकालाचे होते, पण चालून गेले). मीही खाल्ले. फोटो काढला.

घरी निघेपर्यंत टायर पुन्हा चपटा. अर्धे जोडताना ट्यूबची घडी मध्ये चिमटली होती. बोल्ट आवळण्याआधी थोडी हवा भरून, पुन्हा सोडून, ट्यूब नीट बसू द्यायची असते. तेवढं मी घाईत गाळलं. आणखी एक ट्यूब, आणखी ९५.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी ओवाळून घेतलं, दुपारी हँगरवर. घरचे काय बोलले ते या नोंदीत नको.

दुसरी ट्यूब नीट बसली. खाली उतरवून मोजलं तर पुन्हा उजवं टोक खाली. विमान हँगरबाहेर काढलं, जमिनीवरच थोडं चालवून आणलं, आत ढकललं, पुन्हा मोजलं: डावं टोक सव्वा इंच खाली. म्हणजे गेल्या आठवड्याचे पेढे फुकट.

मेकॅनिक आले, ऐकलं आणि हसले. सत्तरीचे आहेत, कमी बोलतात. या विमानाचे पाय म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या चपट्या पट्ट्या. ओशकोशच्या स्टीव्ह विटमन या विमान-रचनाकाराने काढलेली ही कल्पना, सेस्नाने ती १९४६ च्या १२० आणि १४० या मॉडेलांवर आणली. १५० वर १९७१ च्या मॉडेलपासून गोल नळीचे पाय आले, आमचं त्याआधीचं. अशा पायांचं विमान जॅकवर उचललं की पाय आत ओढले जातात, चाकं एकमेकांच्या जवळ येतात. खाली उतरवलं की रबर फरशीला धरून ठेवतं आणि पाय तसाच आखडलेला राहतो. पाय आखडला की ती बाजू उंच. आम्ही फक्त डावी बाजू उचलली होती, म्हणून डावं टोक वर गेलं होतं. काही फूट पुढेमागे ढकललं की पाय पसरतो आणि खरी उंची दिसते.

त्यांचा उपाय: प्रत्येक चाकाखाली ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये ग्रीस. चाक त्यावर आलं की पाय आपोआप हवा तेवढा पसरतो. पत्रे आणि ग्रीस १२ डॉलर. पंखांच्या टोकांना धरून विमान हलकेच डोलवायचं, थांबायचं, मग मोजायचं. तीनदा केलं, तिन्ही वेळा पाव इंचाच्या आत तेच उत्तर. या पत्र्यांवरच चाकांची दिशाही पाहून घेतली. दोन्ही टायरांसमोर सरळ पट्टी धरून गुण्याने मोजलं, पुस्तकातल्या मर्यादेत होती.

सव्वा इंच डावं खाली, हा पक्का आकडा. मेकॅनिक म्हणाले, "उडवा आता, हे काही नाही." मीही तिथेच थांबलो असतो.

पण डोलवताना डावीकडून "टक्" असा आवाज येत होता. उजवीकडून नाही. भागीदाराने जमिनीवर आडवं होऊन पायाच्या मुळाशी हात ठेवला आणि मी टोक हलवलं. "हातात लागून राहिलं ना," तो म्हणाला. मेकॅनिकनीही हात ठेवून पाहिलं आणि हसायचे थांबले. पाय उघडून बघेपर्यंत उड्डाण बंद.

९ नोव्हेंबर

मेकॅनिकच्या देखरेखीखाली उघडलं. पंखांखाली गादी लावलेले जॅक, शेपटीला वजन. कॅबिनमधलं कारपेट आणि फळी काढली की पायाचं आतलं टोक दिसतं.

बांधणी सोपी आहे. पट्टी विमानाच्या कडेला एका आधारात धरलेली असते आणि आतलं टोक बोल्टने खाली आवळलेलं. चाकावर भार आला की बाहेरचं टोक वर जातं आणि आतलं खाली दाबलं जातं, कडेचा आधार म्हणजे तरफेचा टेकू. आतल्या टोकाखाली पातळ पत्रा घातला तर बाहेरचं टोक खाली जातं, म्हणजे ती बाजू उंच होते. कारखान्यातून आलेल्या विमानातही पातळी साधायला अशा शिम घातलेल्या असतात.

उजवीकडे एक शिम होती, डावीकडे एकही नाही. आणि डावा आतला बोल्ट हवा त्यापेक्षा सैल. लॉगबुकं काढली. पूर्वीच्या मालकाच्या काळात डावा पाय काढून परत बसवल्याची एका ओळीची नोंद सापडली, शिमचा उल्लेख नाही. काढली असेल, पडली असेल, कचऱ्यात गेली असेल. दोन तास पंखाकडे बघत बसण्याऐवजी जुनी लॉगबुकं आधी वाचली असती तर ही ओळ पहिल्याच शनिवारी दिसली असती. यात दोष माझाच. ती घरी माझ्या कपाटात होती.

पायाची पट्टी बाहेर काढून पुसली, भिंगाने पाहिली. पट्टीच्या खालच्या पृष्ठभागाला ताण येतो, म्हणून तो कारखान्यात बारीक छऱ्यांचा मारा करून घट्ट केलेला असतो. तिथे गंजाचा खड्डा किंवा खोल ओरखडा असेल तर भेग तिथूनच सुरू होते. आमच्याकडे रंग उडालेली एक जागा होती, खाली गंज नव्हता. मेकॅनिकनी बोट फिरवलं, नखाला काही लागलं नाही, रंगवून टाकायला सांगितलं. आसाच्या चार बोल्टांची भोकंही पाहिली. त्या पट्टीला कुणी काही अडकवायला भोक पाडू नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही तसं काही सुचवलंही नव्हतं.

शिमचा हिशोब: पट्टीचा टेकूबाहेरचा भाग आतल्या भागाच्या साधारण तिप्पट. म्हणजे १/१६ इंचाच्या शिमने चाक ३/१६ इंच खाली जाणार आणि पंखांच्या टोकांत त्याच्या पाचपट, जवळजवळ इंचभर फरक पडणार. वडिलांच्या भाषेत अर्धा सूत पत्रा. भागीदाराला पटेना, एवढ्याशा पत्र्याने कसं होईल म्हणून. त्याने दोन घालायचा आग्रह धरला. एकच घातली. नवा बोल्ट, टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत.

पत्र्यांवर घेऊन डोलवलं, मोजलं. डावं टोक पाव इंच खाली. "टक्" बंद.

मेकॅनिकचे सहा तास, ५७० डॉलर. बोल्ट, शिम वगैरे ४६.

१६ नोव्हेंबर

पाव इंचावर आलेलं विमान घेऊन दोघं वर गेलो. साडेतीन हजार फूट, हवा शांत, टाक्या समान, दोघं शेजारी शेजारी. (एकट्याने ही चाचणी करू नका, वैमानिक डावीकडे बसतो, त्याचंच वजन डावीकडे असतं.) हात सोडले. चार-पाच सेकंदांत डावा पंख खाली. जसंच्या तसं.

परत येताना कुणी फारसं बोललं नाही. पाच आठवडे जमिनीवरचा रोग बरा केला आणि हवेतला जागच्या जागी. चाकांचा भार हवेत नसतोच, मग शिमने काय होणार? हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

भागीदाराला पुन्हा ते बुश आठवले. मेकॅनिकनी आधी एक विचारलं: बॉल कुठे असतो? (बॉल म्हणजे विमान हवेत तिरकं सरकतंय का ते दाखवणाऱ्या यंत्रातली, वाकड्या काचनळीतली गोळी.) बॉल मध्यावर, मी सांगितलं, आम्ही पायाने तो मध्यावरच ठेवतो. ते म्हणाले, "बॉल खरा बोलतो कशावरून?"

विमान पातळीत उभं असेल तर बॉल मध्यावर असायला हवा. आणि आता, पहिल्यांदाच, आमच्याकडे पातळीत उभं राहणारं विमान होतं. दोन्ही दारांच्या वरच्या चौकटींवर सारख्याच ठिकाणी टेकेल अशी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली, वर वडिलांची जुनी पाणसळ (पिवळ्या लाकडाची, सांगलीहून बॅगेत आणलेली). उरलेल्या पाव इंचासाठी डाव्या चाकाखालच्या पत्र्यात एक पातळ तुकडा सरकवला. पाणसळीचा बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये आला. पाणसळ उलटी फिरवून ठेवली, तरी मध्येच. म्हणजे पाणसळ खरी.

मग आत वाकून पाहिलं. बॉल डावीकडे, जवळजवळ अर्धा रेघेबाहेर.

यंत्र पॅनेलमध्ये किंचित फिरून बसलेलं होतं. चार स्क्रूंपैकी दोन भोकं कुणीतरी लांबट केली होती. म्हणजे इतकी वर्षं आम्ही बॉल मध्यावर आणायला डावं पेडल दाबत होतो, नाक डावीकडे वळत होतं, वारा उजवीकडून येत होता आणि पंखांना वर कल असलेलं विमान अशा वेळी डावीकडे झुकतं. डावा पंख जड नव्हताच. आम्हीच तो खाली पाडत होतो. वर रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) कडेला वाकवायची एक छोटी पट्टी असते, तीही कुणीतरी उजवीकडे बऱ्यापैकी वाकवून ठेवली होती, म्हणजे पेडल न दाबताही रडर डावीकडे राहावं. खोट्या बॉलला खूश ठेवण्यासाठी.

मेकॅनिकनी स्क्रू सैल करून यंत्र फिरवलं, बॉल मध्यावर आणला आणि आवळलं. वीस मिनिटं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, नोंद मात्र लॉगबुकात केली.

३० नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत थंडी होती, पण आकाश निरभ्र. आता खऱ्या बॉलप्रमाणे उडवलं तर सरळ जायला उजवं पेडल सतत धरावं लागलं, त्या वाकवलेल्या पट्टीमुळे. उतरून पट्टी थोडी सरळ केली. दोन लाकडी तुकड्यांमध्ये धरून वाकवा, नुसत्या बोटांनी पन्हाळी पडते. पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा थोडी. चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी पट्टीची जागा पेन्सिलने कागदावर उतरवून घेतली, नाहीतर किती वाकवली ते लक्षात राहत नाही. दुसऱ्या फेरीनंतर मी जास्त वाकवली आणि तिसऱ्यात ती परत आणण्यात गेली.

चौथ्या फेरीत हात आणि पाय दोन्ही सोडले. भागीदार घड्याळ बघत होता. चाळीस सेकंदांनी किंचित उजवीकडे. बुशांना कुणी हात लावला नाही, आणि लावायचाही नाही.

७ डिसेंबर

आज फक्त मोजणी. गेल्या शनिवारी टाक्या भरून ठेवल्या होत्या, आठवडाभर विमान उभं होतं. काडी बुडवली: दोन्हीकडे वरपर्यंत. डाव्या पंखाखाली जमीन कोरडी. टायर २१ आणि २१.

खर्च: टायर २१५, दोन ट्यूब १९०, गेज ३८, मेकॅनिक ५७०, बोल्ट-शिम ४६, पत्रे-ग्रीस १२, नळी ९. एकूण १०८० डॉलर, पेट्रोल वेगळं. यातली एक ट्यूब माझ्या घाईची. वेळ दोघांचा मिळून चाळीस तासांच्या वर, त्यातले निम्मे तरी चुकीच्या मोजमापांत.

हँगरच्या जमिनीवर तिन्ही चाकांच्या जागा पांढऱ्या रंगाने गोल करून ठेवल्या, शेजारी उताराचा आकडा लिहिला. पाणसळ भागीदाराने मागितली होती, त्याच्या स्वयंपाकघरातली फळी वाकडी दिसून राहिली म्हणे. दिली नाही, नळी घेऊन जा म्हटलं.